गाणाऱ्या लाटांच्या गावातलं चर्च

मित्रांनो, भारताचा नकाशा समोर घ्या. चेन्नईवर बोट ठेवा आणि समुद्राच्या काठाकाठाने खाली सरकत चला. पुदुच्चेरी गेलं, चिदंबरम् गेलं. आता कारैक्काल यायच्या जरा आधी बोट थांबवा. इथे एक चिमुकलं गाव आहे. नाव तरंगंबाडी. तमिळ भाषेत या नावाचा अर्थ सांगतात, 'जिथे लाटा गातात ते गाव'. आहे की नाही छान नाव?

मायिलाडुदुरै या रेल्वे स्टेशनावर उतरायचं आणि बस पकडायची. सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधूनच एखादं गोपुर, एखादा तलाव आणि सायकलवरून शाळेत निघालेली मुलं. सगळं कसं तमिळनाडूतल्या इतर गावांसारखंच. आणि अचानक समोर येते एक पांढरी शुभ्र वेस. वेशीवर साल आहे १७९२. वेशीतून आत पाऊल टाकलं की आपण तमिळनाडूत आहोत की युरोपातल्या एखाद्या जुन्या गल्लीत, असा प्रश्न पडतो. सरळ रस्ता, त्याच्या कडेला खांबांच्या ओसऱ्या असलेली जुनी घरं, आणि रस्त्याच्या टोकाला समुद्र. रस्त्याचं नावही इंग्रजीच आहे, किंग्ज स्ट्रीट. म्हणजे राजरस्ता!

पण कुठल्या राजाचा रस्ता? इंग्लंडच्या नव्हे बरं का. हा राजा होता डेन्मार्कचा.

इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच आणि डच इथे व्यापाराला आले, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलंच आहे. डॅनिश लोकही आले होते. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायक राजाने त्यांना इथे जागा दिली. त्यांनी समुद्रालगत डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. तो अजून उभा आहे. त्या जागेबद्दल डॅनिश लोक तंजावरच्या दरबाराला दरवर्षी खंडणी देत. पुढे तंजावर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या ताब्यात आलं, तेव्हा ही खंडणी मराठ्यांच्या खजिन्यात जाऊ लागली. म्हणजे या दूरच्या गावाशी आपला असाही एक जुना हिशेब आहे!

एका रस्त्यावर दोन चर्च

किंग्ज स्ट्रीटवरून चालताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. इतक्याशा रस्त्यावर दोन चर्च! एक झायन चर्च, १७०१ सालचं. दुसरं न्यू जेरुसलेम चर्च, १७१८ सालचं. दोन्ही बांधली तेव्हा एकाच पंथाची होती, ल्युथरन पंथाची. मधे अंतर अवघं सतरा वर्षांचं. गाव तर एवढंसं. मग दुसऱ्या चर्चची गरजच काय होती?

या एका प्रश्नाच्या उत्तरात तरंगंबाडीची निम्मी गोष्ट दडलेली आहे.

ल्युथरन म्हणजे मार्टिन ल्युथरच्या शिकवणुकीप्रमाणे चालणारे ख्रिस्ती. ल्युथर हा जर्मनीतला एक संन्यासी आणि प्राध्यापक. १५१७ साली त्याने त्या वेळच्या चर्चमधल्या पैसे घेऊन पापमुक्तीची पत्रं देण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. त्याचं आणखी एक म्हणणं होतं. धर्मग्रंथ आणि प्रार्थना लोकांच्या भाषेत हवी. त्या काळी उपासना लॅटिनमध्ये चाले, आणि शेतकऱ्याला, सुताराला, घरातल्या बायाबापड्यांना ती कळत नसे. ल्युथरने बायबलचा नवा करार साध्या जर्मन भाषेत आणला. तो १५२२ साली छापला गेला. लोकांनी चर्चमध्ये नुसतं ऐकत बसू नये, स्वतः गावं, म्हणून त्याने गाणीही रचली. ज्ञानेश्वर-एकनाथांनी संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं, हे माहीत असलेल्या आपल्याला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

डेन्मार्कचा राजा ल्युथरन, म्हणून तरंगंबाडीचे डॅनिश व्यापारी आणि शिपाईही ल्युथरन. त्यांच्यासाठी झायन चर्च बांधलं गेलं. पण तिथली उपासना त्यांच्या भाषेतली आणि त्यांच्यापुरती. गावातल्या तमिळ माणसाला तिथे ना जागा होती, ना काही कळण्याची सोय.

वाळूत अक्षरं गिरवणारा मोठा विद्यार्थी

९ जुलै १७०६ रोजी डेन्मार्कहून निघालेल्या एका जहाजातून दोन जर्मन तरुण इथे उतरले. एकाचं नाव बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग, दुसऱ्याचं हाइन्रिख प्ल्युत्शाऊ. त्सीगेनबाल्ग दुसऱ्याच दिवशी चोवीस वर्षांचा होणार होता. डेन्मार्कच्या राजाने, चौथ्या फ्रेडरिकने, त्यांना धर्मप्रसारासाठी पाठवलं होतं. पण इथल्या डॅनिश अधिकाऱ्यांना ही ब्याद नकोच होती. आपला व्यापार बरा की हे नवं लचांड बरं!

त्सीगेनबाल्गने ठरवलं की आधी भाषा शिकायची. कशी शिकली असेल? शब्दकोश नाही, व्याकरणाचं छापील पुस्तक नाही. त्या काळी तमिळ गावात घराच्या ओसरीवर शाळा भरे. मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरं गिरवत. त्सीगेनबाल्गने अशाच एका शाळेच्या गुरुजींना गळ घातली आणि ती शाळा आपल्या घरी भरवली. मग हा चोवीस वर्षांचा दाढीमिशांतला विद्यार्थी छोट्या मुलांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि त्यांच्यासारखंच वाळूत 'अ, आ, इ, ई' गिरवू लागला. मुलांची काय करमणूक झाली असेल, विचार करा! पण वर्षाच्या आत तो तमिळमध्ये बोलू लागला. ताडपत्रांवरच्या तमिळ पोथ्या गोळा करून वाचू लागला.

तो आला होता आपला धर्म सांगायला. पण लोकांच्या देवादिकांविषयी त्याला खरीखुरी जिज्ञासाही वाटू लागली. इथले लोक काय मानतात, का मानतात, हे तो त्यांनाच पत्रं लिहून विचारी. त्यांची उत्तरं भाषांतर करून जर्मनीला पाठवी. दक्षिणेतल्या देवतांवर त्याने १७१३ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. जर्मनीतल्या त्याच्या वडीलधाऱ्यांना तो मुळीच आवडला नाही. तुला तिकडचे देव मोडून काढायला पाठवलं, त्यांची माहिती इकडे पसरवायला नव्हे, असा त्यांचा सूर होता. त्यामुळे तो ग्रंथ पडून राहिला आणि छापला गेला थेट १८६७ साली, मद्रासमध्ये. आज जुन्या तमिळ समाजाचा अभ्यास करणारे तो आवर्जून वाचतात.

अधिकाऱ्यांशी त्याचे खटके उडतच होते. एका गरीब विधवेच्या देण्याघेण्याच्या भांडणात त्याने तिची बाजू घेतली, आणि प्रकरण इतकं चिघळलं की गावच्या डॅनिश कमांडंटने त्याला किल्ल्यात कोंडलं. १७०८ च्या अखेरीपासून सुमारे चार महिने तो कैदेत होता. आजही किल्ल्यातल्या त्या जाड भिंतींच्या, कमानींच्या खोल्या पाहताना याची आठवण होते.

चीजच्या डब्यांची अक्षरं

आता एक गंमत ऐका. तमिळ पुस्तकं छापायची तर छापखाना हवा. इंग्लंडमधल्या एका ख्रिस्ती संस्थेने तो जहाजाने पाठवला. बरोबर निघालेला छपाईचा जाणकार मात्र वाटेतच वारला. पुढे जर्मनीतल्या हाले गावात ओतलेले तमिळ अक्षरांचे खिळे आले. खिळे म्हणजे शिशाचे छोटे ठसे, एकेका अक्षराचा एकेक. पण ही अक्षरं इतकी ढबोळी होती की सगळा ग्रंथ छापायचा तर कागद पुरेना. मग काय करायचं? बारीक खिळे इथेच ओतायचे ठरलं. पण त्यासाठी शिसं आणायचं कुठून?

सांगतात की इंग्लंडहून या मंडळींना खाऊ म्हणून चीज येई. त्या चीजच्या डब्यांना शिशाची झाकणं असत. ती झाकणं वितळवून तमिळ अक्षरं ओतली गेली! कागदही परदेशातून पुरेना, तेव्हा जवळच्या पोरैयार गावात कागदाची गिरणी काढली. १७१४ साली चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्यं हा भाग छापून झाला, आणि १७१५ साली संपूर्ण नवा करार. भारतातल्या कुठल्याही भाषेत छापला गेलेला हा पहिला नवा करार.

छापखान्याबरोबर शाळाही आल्या. मुलांची शाळा तर निघालीच, पण मुलींचीही निघाली. तीही तीनशे वर्षांपूर्वी! विचार करा, पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली ती १८४८ साली.

आता दुसऱ्या चर्चचं कोडं सुटलं ना? तमिळ बोलणाऱ्या मंडळींचं स्वतःचं उपासनागृह हवं होतं. त्सीगेनबाल्गने आल्यावर वर्षभरातच, १७०७ साली एक छोटं चर्च बांधलं. त्याचं नाव जेरुसलेम. तिथे तमिळमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये उपदेश होई, कारण युरोपीय घरांत राबणारे पुष्कळ नोकर मोडकीतोडकी पोर्तुगीज बोलत. या मंडळीत सुरुवातीला आलेली माणसं कोण होती? डॅनिश मालकांच्या घरचे गुलाम! ते छोटं चर्च अपुरं पडू लागलं, म्हणून ११ ऑक्टोबर १७१८ रोजी हे नवं, मोठं चर्च उघडलं, न्यू जेरुसलेम. त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, त्सीगेनबाल्ग वारला. वय अवघं छत्तीस. त्याला याच चर्चमध्ये वेदीजवळ पुरलं आहे. दुसऱ्या बाजूला आहे त्याचा सहकारी ग्रुंडलर.

रविवारची उपासना

आम्ही हे चर्च पाहिलं ते एका रविवारी सकाळी, उपासनेच्या वेळी. बाहेरून इमारत फार भपकेबाज नाही. जाड भिंती आणि पांढरा रंग. दर्शनी भागावर राजमुकुट, त्याखाली चौथ्या फ्रेडरिकची गुंफलेली आद्याक्षरं आणि १७१८ हे साल. आत गेलं की कळतं, इमारतीचा आकार क्रूसाचा आहे. मधोमध उभं राहिलं की चार दिशांना चार दालनं.

घंटा वाजली. दाराशी चपलांच्या रांगा लागल्या. बायकांच्या रेशमी साड्या, केसांत मोगऱ्याचे गजरे. पुरुषांपैकी कुणी पांढऱ्या वेष्टीत, तर कुणी पँटमध्ये. क्षणभर वाटावं, आपण एखाद्या लग्नालाच आलो आहोत. आम्ही मागे भिंतीशी उभे होतो. तेवढ्यात एका आजींनी मागे वळून पाहिलं, जरा सरकून बाकावर जागा केली आणि हाताने थोपटून म्हणाल्या, "उक्कारुंगा." म्हणजे, बसा. आम्हांला तमिळ येत नाही, पण हा शब्द मात्र न सांगता समजला.

उपासनेला एक ठरलेला क्रम असतो. आधी सगळे मिळून आपल्या चुका कबूल करतात आणि क्षमा मागतात. मग बायबलमधले उतारे वाचले जातात. वाचायला पुढे आली ती तुमच्याएवढीच एक मुलगी. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी. न अडखळता तिने खणखणीत आवाजात वाचलं आणि परत जाताना आईकडे बघून हळूच हसली. त्यानंतर पाळकांचा उपदेश. पाळक म्हणजे या मंडळीचे धर्मगुरू. ल्युथरन लोकांत पाळकांना लग्न करता येतं, घरसंसार असतो. ल्युथरनेही लग्न केलं होतं. वेदीवरच्या कापडाचा रंग सणावारांप्रमाणे बदलतो. आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, आणि एरवी बराच काळ हिरवा.

आणि गाणी! एक गाणं सुरू झालं, त्याची चाल संथ, भारदस्त, पायऱ्या चढल्यासारखी. ही जर्मनीहून आलेली चाल, शब्द मात्र तमिळ. त्सीगेनबाल्गच्या वेळेपासून अशी गाणी इथे गातात. पुढचं गाणं एकदम वेगळं. हार्मोनियमच्या सुरांवर चाललेलं, ताल धरायला लावणारं, थेट आपल्या कीर्तनातल्यासारखं. याला तिथेही कीर्तनैच म्हणतात. आजी डोळे मिटून टाळ्यांनी ताल धरत होत्या. दोन देशांचं संगीत एकाच तासात, एकाच छपराखाली, आणि कुणालाही त्यात काही परकं वाटत नव्हतं.

शेवटी प्रभुभोजन. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ही आठवण. लोक पुढे जातात, वेदीसमोर गुडघे टेकतात. पाळक प्रत्येकाला भाकरीचा लहानसा तुकडा आणि द्राक्षरस देतात. शिक्षक, कोळी, दुकानदार, मजूर सगळे एकाच ओळीत.

पण मित्रांनो, ही ओळ इतक्या सहजासहजी तयार झालेली नाही.

कोण कुठे बसणार?

तरंगंबाडीच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तेवढा गोड नाही. पण तोही सांगायलाच हवा.

चर्च तमिळ झालं खरं, पण गावातली जातपातही उंबरठा ओलांडून आत आली. अठराव्या शतकात या मंडळीत वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे लोक एका बाजूला बसत, अस्पृश्य मानलेले लोक दुसऱ्या बाजूला, आणि मधे मोकळी जागा सोडलेली असे. देव एक, प्रार्थना एक, पुस्तक एक, आणि तरी बसायची जागा वेगळी! परदेशी पाळकांना हे खटकत नव्हतं असं नाही. पण कडक बोललं तर लोक सोडून जातील, ही भीती होती. शिवाय हा धर्माचा भाग नाही, नुसता समाजाचा रिवाज आहे, अशी ते स्वतःची समजूत घालत.

याचा फटका कुणाला बसला, ते ऐका. तंजावरच्या मराठा राजांच्या फौजेत राजनायक्कन नावाचा एक शिपाई होता. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला. एकदा एका भिक्षेकऱ्याजवळ त्याला एक पुस्तक दिसलं. तरंगंबाडीत छापलेलं, तमिळ शुभवर्तमानाचं! त्याने ते मागून घेतलं, वाचून काढलं आणि पार भारावून गेला. फौजेतली नोकरी सोडून तो तरंगंबाडीच्या मंडळींचा शिक्षक झाला. गावोगाव हिंडला, मार खाल्ला, पण हटला नाही.

१७३३ साली या मंडळींनी एक मोठं पाऊल उचललं होतं. आरोन नावाच्या तमिळ गृहस्थांना त्यांनी पाळकाची दीक्षा दिली. भारतातले ते पहिले प्रॉटेस्टंट भारतीय पाळक. आरोन वरच्या समजल्या जाणाऱ्या वेल्लाळ जातीचे होते. काही वर्षांनी दुसरा पाळक नेमायची वेळ आली, तेव्हा राजनायक्कनचं नाव पुढे आलं. माणूस लायक आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पण वरच्या जातींतले लोक त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत, असं दिसलं. अखेर १७४१ साली दुसऱ्याला दीक्षा मिळाली, आणि राजनायक्कन जन्मभर शिक्षकच राहिला.

चीजच्या डब्यांच्या शिशातून जी अक्षरं ओतली, ती या माणसापर्यंत पोचली. पण वेदीपर्यंतचा रस्ता त्याला मिळाला नाही.

असंच आणखी एक उदाहरण आहे. वेदनायकम् शास्त्री हे तमिळ ख्रिस्ती कवींमधलं फार मोठं नाव. १७७४ ते १८६४ असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं. त्यांची गाणी आजही चर्चमध्ये गायली जातात. पण तंजावरच्या चर्चमध्ये नव्या पाळकांनी सगळ्या जातींना एकत्र बसवायचा आग्रह धरला, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्याला जोरदार विरोध केला. गाणं इतकं सुंदर लिहिणारा माणूस बसण्याच्या जागेवरून अडून बसला! १८३३ साली कलकत्त्याचे इंग्लिश बिशप डॅनियल विल्सन यांनी आपल्या हाताखालच्या सगळ्या चर्चमधून जातिभेद ताबडतोब बंद करा, असं फर्मावलं. त्यावर कितीतरी कुटुंबं चर्च सोडून गेली. त्यांतली बरीच पुढे ल्युथरन मंडळींत आली, कारण तिथले जर्मन पाळक या बाबतीत नरमाईने घेत होते.

तंजावरचा राजा आणि त्याचे गुरू

याच शास्त्रीबुवांचे एक सहाध्यायी तुमच्या ओळखीचे निघतील, तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे. या दोघांचे गुरू एकच होते, क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ. हा जर्मन ल्युथरन पाळक १७५० साली तरंगंबाडीत उतरला आणि पुढे तंजावरला राहिला. तंजावरचे तुळजाराजे १७८७ साली वारले, तेव्हा त्यांचा दत्तक मुलगा सरफोजी फक्त दहा वर्षांचा होता. गादीवरून भाऊबंदकी सुरू झाली. त्या वेळी या लहान मुलाची काळजी श्वार्ट्झने घेतली आणि त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. इंग्रजी भाषा आणि नवी शास्त्रं शिकून सरफोजी मोठा विद्वान राजा झाला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट त्यानेच केली. तिथे हजारो मराठी आणि मोडी कागद आजही जपून ठेवले आहेत.

श्वार्ट्झ १७९८ साली वारला. सरफोजीराजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आहे. त्यात म्हातारा श्वार्ट्झ मृत्युशय्येवर पडलेला आहे आणि तरुण राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे. राजाने गुरूसाठी स्वतः इंग्रजीत कविताही रचली. आणि बरं का, सरफोजीराजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा तो प्रचंड मराठी शिलालेख त्यांनीच १८०३ साली कोरवला. गुरूचा धर्म वेगळा, शिष्याचा वेगळा, तरी माया तसूभरही कमी झाली नाही.

लाटा नेहमीच गात नाहीत

१८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर ही गावं इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली. राजा गेला, व्यापारी गेले, जहाजं यायची थांबली. मंडळी मात्र राहिली. १९१९ साली इथल्या आणि आसपासच्या चर्चची मिळून 'तमिळ इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च' ही स्वतंत्र संस्था झाली. तिच्या बिशपांची कचेरी तिरुचिरापल्लीला आहे, पण त्यांना म्हणतात 'त्रांकेबारचे बिशप'. त्रांकेबार हे तरंगंबाडीचं युरोपीयांनी केलेलं नाव. पहिले बिशप स्वीडनचे होते. १९५६ साली राजा मणिक्कम हे पहिले भारतीय बिशप झाले. वाळूत गिरवलेल्या अक्षरांपासून इथवर यायला अडीचशे वर्षं लागली!

आणि मग आला २६ डिसेंबर २००४ चा दिवस. रविवार होता. नाताळची रोषणाई अजून उतरवलेली नव्हती. त्या सकाळी त्सुनामीची लाट या किनाऱ्यावर आदळली. नेहमी गाणारा समुद्र त्या दिवशी गरजत गावात शिरला. तरंगंबाडीच्या कोळीवाड्याची फार मोठी हानी झाली, कितीतरी माणसं गेली. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. लाटेने कुणाला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो. एका बाजूला डान्सबोर्गचा किल्ला, दुसऱ्या बाजूला समुद्राने कुरतडलेलं मासिलामणिनाथाचं जुनं शिवमंदिर. हे मंदिर पांड्य राजाच्या काळातलं, १३०६ सालचं. म्हणजे डॅनिश लोक इथे आले तेव्हाच ते तीनशे वर्षांचं होतं. सकाळी चर्चमध्ये भेटलेले एक गुरुजी तिथे फिरायला आले होते. त्यांना इंग्रजी येत होतं. आम्ही विचारलं, "आता चर्चमध्ये जातीप्रमाणे बसतात का हो?"

ते जरा थांबले. म्हणाले, "चर्चमध्ये नाही. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसतो. पण लग्नं जमवताना विचारा. तिथे अजून बसायच्या जागा ठरलेल्या आहेत."

उत्तर प्रामाणिक होतं. आपल्याकडेही याहून वेगळं चित्र नाही, नाही का? तरंगंबाडीच्या मंडळींनी परकी भाषा ओलांडली ती वर्षभरात. बाकांमधली ती मोकळी जागा ओलांडायला मात्र पिढ्यान् पिढ्या गेल्या, आणि थोडी जागा अजूनही शिल्लक आहे. पण ती कमी होते आहे, हे आम्ही स्वतः बाकावर बसून पाहिलं.

कधी दक्षिणेच्या सहलीला गेलात, तंजावरचं बृहदीश्वर पाहिलंत, सरस्वती महालात मोडी कागद पाहिलेत, तर आईबाबांकडे आणखी एक दिवस मागून घ्या. तरंगंबाडीला जा. वेशीतून आत शिरा आणि ते दोन चर्च शोधा. आणि आत कुणी सरकून जागा केली, तर लाजू नका, बसा. जाण्याआधी निदान एक तमिळ शब्द शिकून ठेवा. कुठला, ते तुम्हांला आता ठाऊक आहेच!